मदत हवी आहे : एलडीएल १६४, पण दहा वर्षांचा धोका कमी, स्टॅटिन आता सुरू करावे की थांबावे?

नमस्कार.

माझे वय ५२ आहे. दोन वर्षांपूर्वी पाळी थांबली आणि अलीकडच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६४ आले. एकूण कोलेस्टेरॉल २४६, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ५२ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेद) १५० आहेत. रक्तदाब औषधाविना १२६/८० च्या आसपास असतो, धूम्रपान कधीच केलेले नाही, वजन मात्र गेल्या काही वर्षांत कमरेभोवती वाढले आहे. एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८ आहे, म्हणजे मधुमेह नसला तरी मधुमेहपूर्व अवस्थेची सुरुवात झालेली आहे. वडिलांना ६३ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. मला स्वतःला छातीत दुखणे किंवा चढताना दम लागणे असा कोणताही त्रास नाही.

हा अहवाल मी दोन डॉक्टरांना दाखवला आणि दोघांनी परस्परविरुद्ध सल्ला दिला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी धोका मोजण्याच्या सूत्रात माझे आकडे भरले. पुढील दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या बरीच खाली निघाली. आहार सुधारा, व्यायाम वाढवा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासा, असे त्यांचे म्हणणे आहे. हृदयरोगतज्ज्ञांचे मत असे की हे सूत्र वयाला इतके महत्त्व देते की पन्नाशीतल्या स्त्रीचा धोका त्यात जवळजवळ नेहमीच कमी दिसतो. रक्तवाहिन्यांवर परिणाम मात्र आजच्या कोलेस्टेरॉलचाच नव्हे, तर ते किती वर्षे वाढलेले राहिले याचाही होतो, त्यामुळे कमी मात्रेचे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, आताच सुरू करावे. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनी वेळ देऊन समजावून सांगितले, आणि दोघांचेही म्हणणे मला पटते. अडचण नेमकी हीच आहे.

मी जे वाचले ते येथे मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर जाणकारांना ती दुरुस्त करता येईल.

ज्यांना हृदयविकार आधीच झालेला आहे त्यांच्यासाठी स्टॅटिन घ्यावे की नाही, हा वाद माझ्या मते उरलेलाच नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासात अशा ४,४४४ रुग्णांमध्ये सिम्व्हास्टॅटिनमुळे एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. प्रश्न माझ्यासारख्यांचा आहे, ज्यांना अजून काहीही झालेले नाही. त्यांच्याबाबतीत नेहमी १९९५ च्या स्कॉटलंडमधील अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यात प्रॅव्हास्टॅटिनने झटके आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, पण मूळ आकडे पाहिले तर पाच वर्षांत हे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आले. म्हणजे शंभर जणांनी पाच वर्षे रोज गोळी घेतली तेव्हा दोघा-तिघांचा झटका टळला. हा लाभ मी लहान मानत नाही. परंतु ते सर्व ४५ ते ६४ वयाचे पुरुष होते, त्यांचे एलडीएल सरासरी १९० च्या वर होते आणि त्यांच्यात धूम्रपान करणारेही बरेच होते. ज्याचा मूळ धोकाच माझ्यासारखा कमी आहे, त्याला तितक्याच टक्क्यांच्या घटीतून प्रत्यक्षात मिळणारा लाभ खूपच कमी असणार. २००८ च्या रोसुव्हास्टॅटिनच्या मोठ्या अभ्यासात स्त्रिया हजारोंच्या संख्येने होत्या, पण त्यात ६० वर्षांखालील स्त्रियांना प्रवेशच नव्हता. नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या, इतर बाबतींत निरोगी असलेल्या स्त्रीने कोणत्या पुराव्यावर निर्णय घ्यायचा, हे मला खरोखर कळत नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आनुवंशिकतेतून येतो आणि तो मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. काही लोकांमध्ये पीसीएसके९ नावाच्या जनुकातील बदलामुळे एलडीएल जन्मापासूनच कमी असते. २००६ साली अमेरिकेतील निरीक्षणात असे दिसले की एका गटात एलडीएल केवळ १५ टक्क्यांनी कमी असूनही त्यांच्यातील हृदयविकार जवळजवळ निम्मा होता. औषधाने पाच वर्षांत एवढ्याशा घटीतून इतका लाभ मिळत नाही. उशिरा केलेल्या मोठ्या घटीपेक्षा लवकर झालेली छोटी घट अधिक उपयोगी, असा याचा अर्थ लावला जातो आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या सांगण्यामागे हेच तत्त्व आहे. तरीही, जन्मापासूनची घट आणि ५२ व्या वर्षी सुरू केलेली घट या दोन्ही एकाच मापाने मोजता येतील का?

दुष्परिणामांबद्दल मी स्नायूदुखीला फारशी घाबरत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण अतिशय विचारपूर्वक केलेल्या अभ्यासात, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे देऊन पाहिले. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीनेही होत होता. वेदना खोट्या होत्या असे यातून मुळीच ठरत नाही, पण त्यांचे कारण बहुतेकदा औषध नव्हते, एवढे कळते. माझी खरी काळजी मधुमेहाची आहे. २०१० साली तेरा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्टॅटिनमुळे मधुमेहाचे प्रमाण ९ टक्क्यांनी वाढलेले आढळले, म्हणजे २५५ जणांनी चार वर्षे औषध घेतल्यास एकाला अधिक. हा भार मुख्यतः ज्यांची साखर आधीच सीमेवर आहे त्यांच्यावर पडतो, आणि मी नेमकी तिथेच उभी आहे.

आहाराबाबत मला जो सल्ला मिळतो तो इतका परस्परविरोधी आहे की काय खावे यापेक्षा कोणाचे ऐकावे हाच प्रश्न मोठा झाला आहे. अंड्यातील पिवळा भाग वर्षानुवर्षे निषिद्ध होता. २०१५ च्या अमेरिकी आहारमार्गदर्शनातून मात्र दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा वगळली गेली. बहुतेकांच्या रक्तातील एलडीएल आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाने अधिक वाढते, हे मला समजले आहे, आणि मी लोणी व मलई कमी करून असंपृक्त तेले, डाळी व ओट्स वाढवले आहेत. ओट्समधील बीटा-ग्लुकान रोज तीन ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल साधारण पाच टक्क्यांनी उतरते. ते चांगलेच आहे, पण १६४ चे पाच टक्के म्हणजे आठच. दुसरीकडे, साखर आटोक्यात आणण्यासाठी कर्बोदके अगदी कमी करून मेद वाढवण्याचा आग्रह जवळचे काही लोक करत आहेत. त्याने साखर आणि ट्रायग्लिसराइड उतरतात, पण काहींचे एलडीएल मात्र फार चढते. साखरेसाठी एक आणि कोलेस्टेरॉलसाठी दुसरा असे दोन आहार एका ताटात कसे बसवायचे, याचा कोणी यशस्वी मेळ घातला असल्यास तपशिलाने लिहावे.

कॅल्शियम स्कोअर करून पाहण्याचाही पर्याय समोर आला आहे. हृदयाच्या धमन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा हा सीटी स्कॅन आहे. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो मुख्यतः मध्यम धोक्याच्या लोकांसाठी आहे. स्कोअर शून्य आल्यास, मधुमेह, धूम्रपान किंवा कमी वयातील हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास नसेल तर, औषध पुढे ढकलता येते. माझ्या वयाच्या बहुतेक स्त्रियांचा स्कोअर शून्यच येतो, आणि धमन्यांतील मेदाच्या ज्या थरांत अजून कॅल्शियम साठलेले नाही ते या तपासणीत दिसत नाहीत. मग शून्य आल्यावर मी निश्चिंत व्हावे, की तो आकडा मला नवीन काहीच सांगणार नाही?

प्रतिसादांनंतरची भर :

इतक्या आपुलकीने आणि तपशिलात उत्तरे दिल्याबद्दल मनापासून आभार. अनेकांनी विचारलेल्या गोष्टी येथे एकत्र लिहिते.

थायरॉइडची तपासणी आधीच झाली असून टीएसएच सामान्य आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांचे विशेष आभार, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते आणि तसे असेल तर आधी त्यावर उपचार करायचा असतो, हे या वयातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक असायला हवे. वडिलांच्या झटक्याबद्दल सांगायचे तर, पुरुष नातेवाइकाला ५५ वर्षांच्या आत आणि स्त्री नातेवाइकाला ६५ च्या आत झटका आला असेल तरच मार्गदर्शक तत्त्वांत तो धोका वाढवणारा घटक धरला जातो. त्यामुळे तो माझ्या खात्यात जमा होत नाही. मात्र त्याच यादीत सतत १६० च्या वर राहणारे एलडीएल आहे आणि दक्षिण आशियाई वंशही आहे. ही बाब माझ्या फॅमिली डॉक्टरांच्या सूत्रात कुठेच येत नव्हती, आणि ती दाखवून देणाऱ्या सदस्यांमुळे माझा विचार बराच बदलला आहे.

कॉफीबद्दलची सूचनाही उपयोगी ठरली. कागदी गाळणीतून न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा घटक राहतो आणि तो एलडीएल वाढवतो. मी अशी कॉफी रोज घेते, तेव्हा ती आता गाळून घेणार आहे.

लायपोप्रोटीन(ए), म्हणजे रक्तातील एलडीएलसारखाच एक कोलेस्टेरॉलवाहक कण, याची तपासणी मी करून घेणार आहे. त्याचे प्रमाण मुख्यतः जनुकांवर ठरते, त्यामुळे ही तपासणी सहसा आयुष्यात एकदाच करावी लागते, आणि ते प्रति डेसिलिटर ५० मिलिग्रॅमच्या वर आल्यास माझे पारडे औषधाकडे झुकेल. ती सामान्य आली तर आहार आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम तीन महिने नेटाने करून एलडीएल आणि एचबीए१सी दोन्ही पुन्हा मोजायचे, असे फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे.

एका गोष्टीचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. साखर सीमेवर असताना ज्यांनी कमी मात्रेचे स्टॅटिन सुरू केले, त्यांचे एचबीए१सी पुढील वर्ष-दोन वर्षांत कसे राहिले आणि त्या काळात त्यांनी आहारात व वजनात काय बदल केले, हे दोन्ही सांगणारा प्रतिसाद मला हवा आहे. तेवढे कोणी लिहू शकल्यास हृदयरोगतज्ज्ञांच्या पुढील भेटीत कोणता प्रश्न विचारायचा हे मला नेमके ठरवता येईल.