मदत हवी आहे: ब्लॅडर स्कॅनरचा रिसिव्हर पल्सनंतर ४० मायक्रोसेकंद आंधळा राहतोय

ध्वनिलहरी_पुणे

नमस्कार मंडळी,

लघवीच्या पिशवीत किती लघवी साठलीय ते कॅथेटर न घालता सांगणारं छोटं बॅटरीवरचं अल्ट्रासाउंड यंत्र बनवतोय. ऑपरेशननंतर पेशंटला लघवी होईना की बऱ्याच ठिकाणी पोट दाबून अंदाज घेतात आणि नळी घालतात, कधी पिशवीत फारसं काही नसतंच, आणि नळीमुळे इन्फेक्शन झालं तर ते निस्तरत बसा. मोठ्या हॉस्पिटलात ब्लॅडर स्कॅनर असतो, तालुक्याच्या वॉर्डात तो पोचावा एवढ्यासाठी हा खटाटोप चाललाय.

सेटअप असा आहे. ३.५ मेगाहर्ट्झचा सिंगल एलिमेंट प्रोब, ६० व्होल्टचा एकच निगेटिव्ह पल्स, प्रोबला समांतर २.२ किलोओहमचा ब्लीड रेझिस्टर, मग एमडी ०१०० टीआर स्विच (मोठा पल्स रिसिव्हरपर्यंत जाऊ न देणारा), मग उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड, मग ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शेवटी एडी ८३३१, म्हणजे रिसिव्हरचा अॅम्प्लिफायर. फीडबॅक रेझिस्टर २८० ओहम ठेवलाय, म्हणजे इनपुट ५० ओहमच्या आसपास दिसतं. टेस्टिंग सध्या फक्त अगरच्या फँटमवर (शरीराच्या जागी वापरायचा नमुना), आत पाणी भरलेला फुगा.

प्रॉब्लेम असा की पल्स गेल्यावर साधारण ४० मायक्रोसेकंद काहीच दिसत नाही, आउटपुट एका बाजूला चिकटून बसतं आणि मग हळूहळू खाली येतं. आवाज १५४० मीटर प्रतिसेकंद धरला तर एक सेंटीमीटर जाऊन यायला १३ मायक्रोसेकंद, म्हणजे वरचे तीन सेंटीमीटर गेलेच की! बारीक माणसात पिशवीची पुढची भिंत तिथेच असते, आणि ती दिसली नाही तर घनफळ काढणार कशावरून. मागची भिंत मात्र छान येते, उलट जरा जास्तच भडक येते. गेन कमी केला तरी आंधळा भाग थोडासाच कमी होतो. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, मी पार अडकलोय.

जुना_सर्किटवाला

आधी एक सांगा, ती शेपटी कशी दिसते? ३.५ मेगाहर्ट्झने थरथरत विरते का नुसती घसरगुंडीसारखी खाली येते? थरथरत असेल तर प्रोब स्वतःच वाजतोय, त्याच्या बॅकिंगचा (थरथर शोषणाऱ्या मागच्या थराचा) दोष, इलेक्ट्रॉनिक्सला हात लावू नका. प्रोब काढा, जागी १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावा आणि पुन्हा पल्स द्या. शेपटी तशीच राहिली तर सर्किटमध्ये गडबड आहे.

ध्वनिलहरी_पुणे

काका, लगेच करून बघितलं. थरथर अजिबात नाही, गुळगुळीत वक्र रेघ आहे, आणि प्रोब काढून कपॅसिटर लावला तरी सेम टू सेम.

जुना_सर्किटवाला

मग तुमचा ०.१ मायक्रोफॅरडच नडतोय, आणि त्याला ब्लीड रेझिस्टरची साथ आहे. हिशोब करा. प्रोब १ नॅनोफॅरड धरला तर २.२ किलोओहममधून त्याचा टाइम कॉन्स्टंट २.२ मायक्रोसेकंद, ६० व्होल्टवरून डायोडच्या ०.७ पर्यंत उतरायला दहा मायक्रोसेकंद गेले. तेवढा वेळ टीआर स्विच बंद असला तरी त्यातून साधारण २०० मायक्रोअँपिअर झिरपत असतात. दहा मायक्रोसेकंदात ते तुमच्या कपॅसिटरवर वीसेक मिलिव्होल्ट चढवतात. ऐकायला किरकोळ वाटतं पण प्रतिध्वनी मायक्रोव्होल्टमध्ये असतो हो! ५० ओहम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे ५ मायक्रोसेकंद, वीस मिलिव्होल्टवरून पन्नास मायक्रोव्होल्टवर यायला असे सहा टाइम कॉन्स्टंट, झाले तीस. दहा आणि तीस चाळीस.

कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा करा. ३.५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा साडेचार ओहम, ५० च्या पुढे चालून जातं. १ नॅनोपर्यंत मात्र उतरू नका, तिथे ४५ ओहम होतात आणि सिग्नलच खाल्ला जातो. शक्यतो सीओजी प्रकारचा सिरॅमिक घ्या, एक्स७आर प्रकारचा व्होल्टेजबरोबर बदलतो. आणि पल्सरमध्ये पल्स संपल्या संपल्या प्रोब शून्यावर ओढणारा मॉसफेट हवाच, ब्लीड रेझिस्टरच्या भरवशावर राहू नका. त्या १एन४१४८ च्या जागी शॉटकी डायोडची जोडी लावली तर क्लॅम्पही (ज्या व्होल्टेजला ते अडवतात ते) खाली येतो.

शिल्पा_बायोमेड

काकांनी मूळ दुखणं पकडलंय, मी मागच्या भिंतीबद्दल बोलते. तुम्ही टीजीसीला (खोलीबरोबर गेन वाढवणं) सरळ रॅम्प देताय ना? मऊ ऊतकात साधारण ०.५ डीबी प्रति सेंटीमीटर प्रति मेगाहर्ट्झ जातात, म्हणजे १२ सेंटीमीटर खोलीला जाऊन येऊन ४२ डीबी, आणि ८३३१ ची रेंज ४८ डीबी, म्हणून कागदावर सगळं बरोबर बसतं. पण लघवीत अल्ट्रासाउंड जवळजवळ कमी होतच नाही. पिशवीतून जाताना रॅम्प मात्र वाढतच राहतो, मग मागची भिंत सॅच्युरेट होणारच आणि तिची कड कुठे हे कळत नाही. पुढची भिंत सापडली की रॅम्प तिथेच थोपवून धरा आणि आतून बाहेर पडल्यावर पुन्हा चालू करा. ५० डीबी प्रति व्होल्ट असा सरळ हिशोब आहे, डॅकने (आकड्यावरून व्होल्टेज देणारी चिप) आरामात होतं. घनफळात सगळ्यात जास्त चूक कडा चुकल्याने येते, त्यामुळे हे वरवरचं काम समजू नका.

आणि एक मनापासून सांगते, माणसावर लावायच्या आधी पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याचं बघा. १९९४ चा कायदा आहे, नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशीन विकताही येत नाही, आणि पोर्टेबल मशीनवर तर बारीक नजर असते. तुमचं यंत्र चित्र दाखवत नाही, नुसता आकडा देतं हे खरं, पण ते स्वतःच ठरवू नका. समुचित प्राधिकाऱ्यांकडे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. फँटमवर काम करताय ते उत्तमच.

ध्वनिलहरी_पुणे

काका, ताई, दोघांचे खूप खूप आभार. बुधवार पेठेत १० नॅनोचा सीओजी आणि शॉटकी दोन्ही मिळाले, शून्यावर ओढणारा मॉसफेट सध्या बोर्डवर तारेने लोंबकळतोय पण काम करतोय. आंधळा भाग ८ मायक्रोसेकंदांवर आलाय, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि फुग्याची पुढची कड सव्वादोन सेंटीमीटरवर स्वच्छ उभी दिसतेय! ताईंचा रॅम्प थोपवायचा कोड लिहायला घेतलाय. प्राधिकाऱ्यांना पत्रही टाकतो.

आता एक नवीन दिसायला लागलंय जे आधी शेपटीखाली लपलं होतं. बॅटरीवरून ६० व्होल्ट बनवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरचे काटे सगळ्या ट्रेसभर आहेत, ठराविक अंतराने. फिल्टर वाढवू का शील्ड लावू?

जुना_सर्किटवाला

दोन्ही नंतर. ऐकायच्या वेळी कन्व्हर्टर बंदच ठेवा. एका पल्सला ६० नॅनोकुलोम लागतात, १ मायक्रोफॅरडचा साठा ठेवलात तर व्होल्टेज ०.०६ ने उतरतं, कुणाला कळणारही नाही. पल्सच्या आधी कन्व्हर्टरची एनेबल (चालू-बंद) पिन खाली, २०० मायक्रोसेकंद ऐका, मग पुन्हा वर. बॅटरीही वाचेल. तरी काटे राहिले तर ग्राउंडचा लेआउट टाका इथे, बघू.