मदत हवी आहे: मुलीची अ‍ॅड्रिनल गाठ काढली, आता हायड्रोकॉर्टिसोनबद्दल विचारायचंय

नमस्कार. मुलगी साडेचार वर्षांची. वर्षभरापूर्वी जांघेत केस, तोंडावर पुटकुळ्या, आवाज घोगरा. आधी वाटलं लवकर वयात येतेय, पण छातीत वाढ काहीच नव्हती. रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईएएस ही पुरुषी हार्मोन्स खूप वाढलेली निघाली, सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडावरच्या (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीत गाठ. गाठ फुटू नये म्हणून दुर्बिणीऐवजी पोट उघडून ऑपरेशन केलं, ती अखंड निघाली. गाठीमागे आनुवंशिक कारण आहे का ते कळायला टीपी५३ या जनुकाच्या तपासणीसाठी रक्त दिलंय, रिपोर्ट यायचा आहे.

गाठ कॉर्टिसोल हे शरीराला रोज लागणारं हार्मोनही बनवत होती, त्यामुळे उजवी ग्रंथी अजून झोपलेलीच आहे. ती जागी होईपर्यंत कॉर्टिसोलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. १० मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करते, कटर वापरूनही एक तुकडा मोठा, एक छोटा आणि उरलेला भुगा! पाण्यात विरघळवून पाहिलं, तर तळाशी साका राहतो.

ताप आल्यावर डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, म्हणून डोस विचारत नाही. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायचं, पण आम्ही तालुक्याच्या गावी, मोठं हॉस्पिटल दीड तासावर. गावातले डॉक्टर चिठ्ठी बघूनही हात लावायला कचरतात.

ज्यांची लहान मुलं या गोळ्यांवर आहेत त्यांनी कृपया सांगा: छोटा डोस नेमका कसा मिळवता, औषध दुकानदाराकडून पुड्या करून घेता का? आणि घरी इंजेक्शन द्यायला तुम्हाला कोणी, कसं शिकवलं?