मदत हवी आहे: दिवसभर हातात असूनही ऑटोमॅटिक घड्याळ पहाटे बंद पडते

मशीन (आतली यंत्रणा) ईटीए २८२४-२, २५ ज्वेल (झीज कमी करणारे खडे). रोज दहा-बारा तास हातात असते. रात्री अकराला काढून ठेवले की पहाटे पाचच्या सुमारास थांबलेले. चालू असते तेव्हा वेळ चोख, दिवसाला ४-५ सेकंद पुढे. सर्व्हिसिंग होऊन वर्षच झाले. मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदलावी का?

प्रतिसाद १
इतक्यात स्प्रिंगला हात लावू नका. चावी भरतच नाही, की भरलेली टिकत नाही, हे आधी वेगळे करा. घड्याळ पूर्ण थांबू द्या, क्राउनने (बाजूच्या चावीच्या बोंडाने) ३५-४० फेरे चावी द्या आणि टेबलावर ठेवून द्या. हे मशीन साधारण ३८ तास चालायला हवे. चालले तर स्प्रिंग आणि बॅरल (स्प्रिंगची डबी) ठीक. वीस तासांतच थांबले तर बॅरल उघडावे लागेल. ऑटोमॅटिकच्या स्प्रिंगचे बाहेरचे टोक कुठे अडकवलेले नसते, ते बॅरलच्या भिंतीला दाबून धरते आणि चावी पूर्ण भरली की घसरते. तिथे ब्रेकिंग ग्रीसऐवजी (टोक धरून ठेवणाऱ्या ग्रीसऐवजी) साधे तेल लागले तर ते भलतेच लवकर घसरते.

चावी देताना आत रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारे वजन) गरगर फिरतो का, तेही बघा.

धागाकर्ता
टेबलावर ३९ तास चालले. चावी देताना रोटर फिरतो, बोटांना थरथर जाणवते.

प्रतिसाद २
स्प्रिंग ठीक, पण हाताने चावी देताना रोटर फिरायला नको. म्हणजे रिव्हर्सिंग व्हील्स (रोटरची हालचाल स्प्रिंगपर्यंत नेणारी दोन चाके) चिकटली आहेत. १९३१च्या रोलेक्स पर्पेच्युअलचा रोटर पूर्ण गोल फिरायचा, पण चावी एकाच दिशेने भरायचा. १९४२मध्ये फेल्सा कंपनीच्या बायडायनेटर मशीनने दोन्ही दिशांची सोय केली. तुमच्या मशीनमध्ये ते काम या दोन चाकांकडे आहे. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्रे (खटके) असतात तसे यांच्या पोटात इवलेसे कुत्रे असतात, एका दिशेला पकडणारे, दुसरीकडे सोडणारे. तेल जास्त झाले की ते जागचे हलत नाहीत. सर्व्हिसिंगमध्ये हमखास होणारी चूक ही.

चाके न उघडता क्लीनिंग सोल्यूशनमध्ये धुवायची, वाळवायची, मग ल्युबेटा व्ही१०५ (अशा चाकांसाठीचे वंगण) मध्ये बुडवून पुन्हा पूर्ण सुकवायची. वरून तेलाचा थेंबही नको. चिमट्यात धरून खालचे चाक फिरवा: एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला लगेच अडले पाहिजे. तरीही अडखळले तर दोन्ही चाके नवी घाला, एकच बदलण्यात अर्थ नाही.

तोवर हाताने चावी देऊ नका. रोटर उलटा पळतो तेव्हा सगळा भार त्या बारीक दातांवर येतो.

प्रतिसाद ३
रोटरचे बेअरिंगही तपासून घ्या. कड वरखाली लचकत असेल, किंवा मागच्या झाकणाच्या आतून अर्धगोल ओरखडा दिसत असेल, तर बेअरिंग झिजले आहे. (बॉल बेअरिंगवरचा रोटर १९४८मध्ये एटर्ना कंपनीने आणला. त्यातल्या पाच गोळ्याच पुढे त्यांचे चिन्ह झाल्या.)

झाकण उघडतच आहात तर गॅस्केटही (पाणी अडवणारे रबरी कडे) नवे टाका.