भूकंपाचा मेसेज पाठवला म्हणून आईला आत टाकायचं का?

कळमनुरीकर: काल इथं जिंतूरच्या एका भावानं लिहिलं, "अफवा फॉरवर्ड करणाऱ्याला ॲडमिनसकट आत टाका." रात्रभर डोक्यात तेच. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातला आमच्या हिंगोली भागात भूकंपाचा ४.५ चा धक्का बसला, मांडणीवरचे डबे खाली आले. दुपारी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, "रात्री दोनला मोठा येणार, बाहेर झोपा." माझ्या आईनं तो पाठवला. त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का होता, म्हणून एका वेळी एकालाच जायचा. चष्मा लावून, एकेक नाव शोधून बारा जणांना धाडला. तिचं माहेर औशाकडं. ९३ ला किल्लारीत तिचा मामा ढिगाऱ्याखाली गेलाय. टाका तिला आत.

जिंतूरचा भाऊ: आईला पुढं करून वाद जिंकू नका. भूकंपाची वेळ जगात कुणालाच सांगता येत नाही, वेळ लिहिलेली दिसली की मेसेज खोटा. आमची आजी त्या रात्री पावसात ताडपत्रीखाली झोपली, आठ दिवस दवाखान्यात. आणि धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरलात? १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले. मेसेज पाठवणारे सगळे 'काळजीपोटी'च पाठवत होते.

वसमतवाला: मारणाऱ्यांना शिक्षा द्या ना, कोण नको म्हणतंय? पण खरं-खोटं ठरवणार कोण, सरकार? सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खरी की खोटी ते ठरवणारं केंद्राचं फॅक्ट चेक युनिट मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्ये उगाच रद्द केलं का? आयटी कायद्याचं कलम ६६अ होतं तेव्हा साध्या पोस्टवरून पोरं उचलली जायची. तुम्हाला ते परत पाहिजे.

आडत लातूर: भूकंप सोडा. "दिवाळीनंतर सोयाबीन सात हजार" हा मेसेज कुणी सोडला ते आधी शोधा. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२, मी माल घरात ठेवला अन् शेवटी ४,०५० नं घातला.

वसमतवाला: ती अफवा नव्हती काका, तो तुमचा लोभ होता.

आडत लातूर: लोभ? खताची उधारी तू फेडणार का? ओल म्हणून क्विंटलमागं कापलं ते वेगळंच. २०२१ ला दहा हजार बघितलेत या डोळ्यांनी, म्हणून विश्वास बसला.

जिंतूरचा भाऊ: हेच तर म्हणायलोय! विश्वास बसतो म्हणूनच आळा पाहिजे.

कळमनुरीकर: आळा म्हणजे काय, नेट बंद? ऑक्टोबर २०२३ ला बीडला बंद केलं तेव्हा माझा मेहुणा तिथं अडकला. अफवा फोनवरून दुप्पट फिरल्या, खरी बातमी तेवढी थांबली.

जिंतूरचा भाऊ: बरं बाबा, तुम्ही लै शहाणे. आईंना नका टाकू आत. ग्रुपमधून तरी काढा.

कळमनुरीकर: ॲडमिन तीच आहे.

आडत लातूर: ते असू द्या. आज लातूरला सोयाबीन काय निघालं? आडतीच्या हिशोबपट्टीचा फोटो टाका, फॉरवर्ड नको.