बी विंगच्या हायड्रेंजियाला यंदा फूल का नाही?

देशपांडे काकू, बी-१०२ (७:१२): आज ६ मे. सहा झुडपं, फुलं शून्य. गेल्या मेमध्ये गुच्छच्या गुच्छ होते. त्यांच्यासमोर उभं राहून ज्यांनी फोटो काढले त्यांनी आपापल्या गॅलरीत पाहावं. २५ जानेवारीला माळ्याच्या हातात कात्री कुणी दिली, एवढंच विचारायचंय. आरोप नाही कुणावर.

साठे काका, ए-४०१ (७:१५): सुप्रभात. टाकीजवळचा व्हॉल्व गळतोय. कृपया लक्ष द्यावे.

सेक्रेटरी, सी-२०३ (७:४०): नमस्कार मॅडम. झेंडावंदनाला बाग नीटनेटकी दिसावी असं कमिटीत ठरलं होतं. झुडपं वाळल्यासारखी दिसत होती. छाटणीने फूट चांगली येते हे आपण सगळे जाणतोच.

देशपांडे काकू (७:४४): जास्वंदीला येते, मोगऱ्याला येते. हिला नाही. ही मॅक्रोफिला जातीची हायड्रेंजिया, त्यातलाही बुटका वाण, तीन फुटांच्या वर जातच नाही, मग छाटायचं काय? पुढच्या बहराच्या कळ्या पावसाळा सरताना जुन्या काडीच्या शेंड्याला धरतात आणि थंडीभर निजून राहतात. तुम्हाला वाळलेली दिसली त्याच काडीत यंदाची फुलं होती. ती पोत्यात भरून घंटागाडीत गेली. आणि मॅडम कधीपासून? परवापर्यंत काकू होते.

रोहन, सी-५०४ (७:४६): काकू, पाटी लावायची ना 😀

देशपांडे काकू (७:४७): लावली होती. ‘फांदी तोडू नये.’ त्याने तोडली नाही, कापली.

सेक्रेटरी (७:५५): माळी म्हणाला, कोबीच्या गड्ड्यासारखी ती झाडं ना, त्यांना काय होतंय.

साठे काका (७:५८): व्हॉल्व. तिसऱ्यांदा लिहितोय.

पेंडसे, ए-२०२ (८:०३): फॉरवर्ड आलाय. कॉफीचा चोथा घातला की हायड्रेंजिया निळी होते. आमच्याकडे रोजचा चोथा असतो, पाठवू का?

देशपांडे काकू (८:१०): चोथा नको हो. उकळून गाळलेल्या कॉफीत आंबटपणा उरतो कितीसा? निळा रंग येतो अॅल्युमिनियममुळे, आणि ते मुळांना मिळतं माती आम्ल असेल तर, सामू साधारण साडेपाचच्या खाली. पुण्याची काळी माती नेमकी उलट, म्हणून आपल्याकडे गुलाबी. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. कळ्या दिसायच्या आधीपासून अगदी थोडी पाण्यात विरघळवून घालतात. मूठभर टाकली तर मुळं जळतील. पांढऱ्या जातीला काहीही घाला, ती पांढरीच.

रोहन (८:११): म्हणजे अस्सल सदाशिव पेठी

नेहा, बी-६०३ (८:२०): नमस्कार, आम्ही मार्चमध्ये आलो. माझ्या आईच्या पाचगणीच्या घरी ही झाडं होती. बाल्कनीत कुंडीत येईल का? पश्चिमेची बाल्कनी आहे.

देशपांडे काकू (८:३१): ये गं खाली, दाखवते. पश्चिमेला अवघड आहे. हिला सकाळचं कोवळं ऊन हवं आणि अकरानंतर सावली. एप्रिल-मेचं चाळीस अंशांचं ऊन लागलं की पानं कडेने करपतात. चौदा इंची कुंडी घे, खाली भोकं मोठी. बागेतली काळी माती अजिबात नको. पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट, थोडं गांडूळखत, वरून वाळलेल्या पानांचा थर. आणि एक ध्यानात ठेव, दुपारी ती मान टाकते, अगदी मेल्यासारखी. घाबरून पाणी ओतू नकोस. माती बोटाने बघ. ओली असेल तर संध्याकाळी आपोआप उभी राहते. निम्मी झाडं लोक पाणी पाजून मारतात. फुलं सुकली की लगेच त्याखालची काडी कापायची, ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही.

बी-५०३ (८:३५): कुंड्या जरूर ठेवा. फक्त खालच्यांची धुणी वाळत असतात एवढं लक्षात असू द्या. आधीच्या भाडेकरूंना सांगून सांगून थकलो. राग नसावा.

नेहा (८:३६): नाही काका, खाली ताटली ठेवीन 🙏

पेंडसे (८:४०): पानं विषारी असतात म्हणे?

देशपांडे काकू (८:४१): हो. मांजर-कुत्र्याने चघळली तर उलट्या होतात.

बी-५०३ (८:४२): मग पार्किंगमध्ये बोक्याला दूध घालणाऱ्यांनी याचा विचार करावा. नाव घेत नाही.

रोहन (८:४३): बोका तरी मेंटेनन्स वेळेवर भरतो का? 😀

खजिनदार, ए-१०१ (८:४४): विषय निघालाच आहे तर, ११ फ्लॅटची एप्रिलची रक्कम बाकी आहे.

(८:४४ ते ९:२० ग्रुपवर शांतता)

सेक्रेटरी (९:२१): काकू, चूक झाली. सोलापूर रोडच्या नर्सरीतून सहा नवीन रोपं आणू, सोसायटीच्या खर्चाने.

देशपांडे काकू (९:३०): नवीन नकोत. मुळं जिवंत आहेत, फूट आलीये. मला वेगळंच कोडं पडलंय. चार झुडपांची पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाहीये. टाकीजवळची दोन मात्र हिरवीगार. गेल्या वर्षीही त्या दोघांचीच फुलं जांभळट होती. माळी तर सगळ्यांना एकाच पाइपने पाणी घालतो.

सेक्रेटरी (९:३२): पाइप बोअरवेलचा आहे.

देशपांडे काकू (९:३३): तेच तर! बोअरचं पाणी किती चुन्याचं, ते आपल्या गिझरना विचारा. मग त्या दोघांना गोडं पाणी कुठून मिळतंय?

साठे काका (९:३४): व्हॉल्वमधून. कॉर्पोरेशनच्या टाकीचा आहे तो. दीड वर्ष गळतोय. सांगतोय मी.

देशपांडे काकू (९:३६): साठे, तिथे उतार आहे, पाणी साचत नाही. सेक्रेटरी, पाऊस पडेपर्यंत त्या व्हॉल्वला हात लावू नका.

साठे काका (९:३७): काय???