पॉलिमरला प्रवेश: कॉलेजचं नाव बघावं की मशीन?

खान्देशी_आई:
लेकीची बारावी झाली, कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. तिला प्लास्टिक-पॉलिमरच हवंय. जळगावात चटईच्या कारखान्यांजवळ वाढली, प्लास्टिकचा दाणा वितळल्याचा वास ओळखीचा, खूळ तिथलंच. माटुंग्याची आयसीटी (आमच्या वेळची यूडीसीटी) तिच्या पर्सेंटाइलला लागणार नाही. उरली नागपूरची एलआयटी आणि संभाजीनगरची एमआयटी. दीर म्हणतात, साधं केमिकल घ्या, प्लास्टिकवर बंदी येतेय. काय करावं?

वाळूजकर:
ताई, माझं मोल्डिंगचं (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून वस्तू काढायचं) छोटं युनिट आहे, सहा मशीन. पदवीच्या नादी लागू नका. सिपेटचा, म्हणजे प्लास्टिकच्या सरकारी संस्थेचा, तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली पोरं पहिल्या आठवड्यात मशीनवर मोल्ड (साचा) चढवतात. मागे एक बीटेक ठेवला होता. पॉलिकार्बोनेटच्या कव्हरवर चंदेरी चट्टे यायला लागले. पठ्ठ्याने दिवसभर तापमान बदललं, प्रेशर बदललं, वहीत आलेख काढले. संध्याकाळी आमच्या जुन्या ऑपरेटरने हॉपर ड्रायरला (दाणा वाळवायच्या टाकीला) नुसता हात लावला. गार! हीटर गेला होता. दाणा ओला, दुसरं काही नाही. हे कुठल्या पुस्तकात आहे?

दहा_मिनिटं:
असहमत. आणि गोष्ट अर्धीच सांगितलीत. चट्टे पडलेले पीस पुढे कुठे गेले?

वाळूजकर:
ग्राइंडरला. आणखी कुठे जाणार? नव्या मालात मिसळून चालवले. ड्रायर दुरुस्त झाला होता, चट्टे एकही नाही.

दहा_मिनिटं:
आणि मग तडकले?

वाळूजकर:
...तीन महिन्यांनी पेट्या परत आल्या. स्क्रू आवळला की बॉस (कव्हरमधली स्क्रू बसायची नळी) फुटतोय म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

दहा_मिनिटं:
कारण हे पुस्तकात आहे :) पॉलिकार्बोनेट ओलं असताना वितळलं की पाणी त्याच्या साखळ्याच तोडतं. १२० अंशांवर तीन-चार तास वाळवलं की ओल जाते. तुटलेली साखळी काही परत जुळत नाही. डोळ्यांना दिसतात ते फक्त चट्टे. एमएफआय काढला असतात, म्हणजे ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वजनाखाली दहा मिनिटांत बारीक छिद्रातून किती ग्रॅम माल गळतो ते, तर आकडा फुगलेला दिसला असता. तुमच्या ऑपरेटरच्या हाताला माझा सलाम, पण तो हात ड्रायरपाशी थांबतो.
ताई, रसायनाची आवड असेल तर एलआयटी. १९४२ची संस्था, बाज केमिकल टेक्नॉलॉजीचा, फीही खाजगीपेक्षा झेपणारी. मोल्ड, डाय, मशीन यात जीव रमत असेल तर संभाजीनगर, वाळूज एमआयडीसी शेजारी आहे.

फक्त_केमिकल:
दीर बरोबर आहेत. सतराव्या वर्षी एकाच मटेरियलशी लग्न कशाला? केमिकल करा. पुढे वाटलंच तर गेटला (एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला) एक्सई पेपर, त्यात पॉलिमरचा विभाग असतो, आणि एमटेकला आयआयटी दिल्ली नाहीतर खरगपूरचं रबर सेंटर. रिफायनरी, औषध, खत, सगळी दारं उघडी राहतात. पॉलिमरवाल्यांना कॅम्पसला किती कंपन्या येतात ते विचारून बघा.

दहा_मिनिटं:
कंपन्या कमी येतात, मान्य. पण मोल्डिंग, कंपाउंडिंगची (प्लास्टिकमध्ये रंग, इतर घटक मिसळून दाणा बनवणारी) बरीच युनिटं कॅम्पसला येतच नाहीत, फोनवर माणूस मागतात. राहता राहिली बंदी. राज्याची २०१८ ची आणि केंद्राची जुलै २०२२ ची, दोन्हींचा रोख मुख्यतः एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर: चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलच्या ताटल्या. ठिबकची नळी, वायरचं वेष्टण, सलाइनची बाटली कोणी बंद केली? उलट पुनर्वापराचा माल वाढत चाललाय. त्यात काय आलंय हे ओळखणारा माणूस नसला की काय होतं ते वाळूजकरांच्या पेट्यांनी सांगितलंच.

वाळूजकर:
झालं, आता प्रत्येक प्रतिसादात माझ्या पेट्या.

ताडपत्री:
मी पॉलिमरचाच, एका खाजगी कॉलेजातला, नाव लिहीत नाही. इंजेक्शन मोल्डिंग मशीन होतं, त्यावर ताडपत्री. चार वर्षांत ती दोनदा निघाली, दोन्ही वेळा तपासणी समिती यायची होती. पहिल्या नोकरीत शॉर्ट शॉट म्हणजे काय हे मी ऑपरेटरला विचारलं, तो आधी हसला, मग सांगितलं: साचा पुरता न भरल्याने अर्धवट निघालेला पीस. म्हणून ताई, ब्रोशर ठेवा बाजूला आणि लॅब बघून या. मशीनखाली किंवा कोपऱ्यातल्या डब्यात पर्जिंगचे गोळे पडलेत का बघा. माल बदलताना बॅरलमधला जुना माल बाहेर काढतात, त्याचा वेडावाकडा गोळा होतो. गोळे असले तर मशीन चालतं. लॅब चकाचक असेल तर संशय घ्या.

फक्त_केमिकल:
कचरा बघून कॉलेज निवडायचं? धन्य.

खान्देशी_आई:
शनिवारी एक कॉलेज बघून आलो. सर तासभर प्लेसमेंटबद्दल बोलत होते, लेक डब्यात वाकलेली. एक गोळा खिशात घालून आणलाय, टीव्हीवर ठेवलाय. दीर अजून केमिकलवरच आहेत.

वाळूजकर:
ताई, त्या गोळ्यात रंग किती आहेत? एकच असेल तर तोही समितीसाठीच काढलेला.

खान्देशी_आई:
तीन. काळा, दुधी आणि मध्ये एक करपलेला पट्टा.