कार स्टिरिओत रेसबरोबर चढणारी शिट्टी: फिल्टर कोणता घेऊ?

चिंचवडकर
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचा डेक काढून बाहेरचा बसवला आणि डिकीत चार चॅनेलचा अँप्लिफायर टाकून घेतला. इंजिन बंद असताना आवाज अगदी स्वच्छ येतो. गाडी स्टार्ट केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू होते, आणि रेस दिली की तीही चढत जाते. डेकचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. आई प्रवासात शास्त्रीय ऐकते, संथ आलापी चालू असली की तंबोऱ्याच्या वर ही शिट्टी ऐकू येते. ज्यांनी बसवलं ते म्हणतात, नॉइज फिल्टर लावून टाका. कोणता चांगला?

अर्थवाला_नाशिक
दादा, फिल्टर सध्या घेऊच नका. आधी आवाज शिरतोय कुठून ते शोधा. घरी बसून होणारं काम आहे.

एक गोष्ट तुम्हीच सांगून टाकलीत: व्हॉल्यूम शून्यावर असतानाही शिट्टी तेवढीच आहे. म्हणजे ती डेकच्या व्हॉल्यूमनंतर शिरतेय. डेकचं आउटपुट, आरसीए केबल (डेकमधून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी), अँप, अँपचं अर्थिंग (निगेटिव्हची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं), एवढ्यातच शोधायचं. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाली असती तर डेकच्या आधी, म्हणजे ऑक्स किंवा यूएसबीकडे बघितलं असतं.

आता अँप बंद करून त्याच्याकडची आरसीए काढा. चालू अँपवर आरसीए कधीही ओढू नका, त्याचं कारण पुढे येतंच. काढून झाल्यावर इंजिन आणि अँप चालू करा. शिट्टी राहिली तर दोष अँपच्या पॉवरमध्ये किंवा अर्थमध्ये. गेली तर ती आरसीएच्या वाटेने येतेय. मग मोबाइल चार्जरला न लावता थेट अँपच्या आरसीएला जोडून गाणं लावा. स्वच्छ वाजलं तर त्याच अवस्थेत मोबाइल गाडीच्या चार्जरला लावा. शिट्टी परत आली की समजा अँप आणि पुढचा भाग यांच्या अर्थमध्ये फरक आहे, ग्राउंड लूप तो हाच. करंट अर्थच्या वायरमधून जाताना थोडा व्होल्टेज पडतो, अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक चढउतार, त्यावर स्वार होतो आणि आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून सिग्नलमध्ये मिसळतो.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करत बसायची गरजच नाही. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक अँपच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर अँपची अर्थ वायर जिथे कसली आहे तो बोल्ट उघडा. बहुतेक वेळा खाली रंग तसाच असतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) नीट क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, वायर पॉवरच्या वायरएवढीच जाड ठेवा आणि लांबी दीड फुटाच्या आत. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र अर्थ देऊ नका, तो जीव वाचवणारा बोल्ट आहे. काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला असावा.

अर्थ नीट निघाला तर आरसीए कुठून आणली आहे ते बघा. पॉवरची वायर आणि आरसीए एकाच दरवाजाच्या पट्टीखालून डिकीपर्यंत नेलेली असते, वेळ वाचतो म्हणून. कुणाकडून तरी दुसरी आरसीए मागून घ्या आणि सीटवरून मोकळी टाकून जोडा. शिट्टी गेली तर जुनी केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

बार्देशची_बाय
अर्थवाला दादांशी सहमत. आमच्याकडे गोव्यात खारी हवा, त्यामुळे आज घासलेला पत्रा दोन पावसाळ्यांत पुन्हा गंजतो. बोल्ट आवळून झाला की वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. आधी नाही, आवळल्यानंतर.

डेक्कन_बास
मी ग्राउंड लूप आयसोलेटर लावला, शिट्टी गायब. एवढा खटाटोप कशाला?

अर्थवाला_नाशिक
कारण त्या डबीत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि स्वस्त असले की ते खालचा बास गिळतात. तबल्याचा डग्गा ऐकून बघा, फरक कळेल. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्समधून ऐकता तेव्हा आयसोलेटर योग्य आहे, तिथे दुसरा सोपा उपाय नसतो. पण अँपचा अर्थच ढिला असेल तर तो दोष तिथेच राहतो, आणि जड करंट जाऊन तो सांधा तापतो.

आरसीए अँप बंद करून काढा म्हटलं त्याचं कारण: काही डेकमध्ये आरसीएच्या ग्राउंडला आत एक बारीक फ्यूज असतो. चालू असताना केबल ओढली-खुपसली की तो उडतो आणि मग भयंकर शिट्टी येते. तपासायला डेकमागच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला वायरचा तुकडा लावून डेकच्या पत्र्याला टेकवा. शिट्टी एकदम बसली तर फ्यूज गेलाय.

गॅरेज_सातारा
सगळं करूनही राहिली तर डायनामोचे डायोड (एसीचं डीसी करणारे) तपासून घ्या. बॅटरीवर इंजिन चालू असताना डीसी साधारण १३.८ ते १४.४ हवं. मग मीटर एसीवर घेऊन बघायचं, ०.१ व्होल्टच्या बरंच वर गेलं तर डायोडवर संशय. स्वस्तातला मीटर डीसीलाच एसी समजून जवळपास दुप्पट आकडा दाखवतो, त्याला फसून डायनामो उतरवू नका.

चिंचवडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आरसीए काढल्यावर शिट्टी गेली, मोबाइलवर स्वच्छ, चार्जर लावला की परत. मीटरवर ०.५ च्या आसपास आलं! डिकीतली मॅट उचलली तर लग थेट रंगावर कसलेली, आणि वायर पॉवरच्या वायरपेक्षा निम्म्या जाडीची. पत्रा घासला, जाड वायर टाकली, आता ०.०३. शिट्टी पूर्ण गेली. आईने सकाळी अहिरभैरव लावून खात्री करून घेतली.

एकच राहिलंय: एएमवर आकाशवाणी लावली की टर्रर्र येते. एफएम आणि ब्लूटूथ ठीक.

गॅरेज_सातारा
डॅशकॅम आहे का? त्याचा चार्जर सॉकेटमधून काढून बघा.

चिंचवडकर
काढला, टर्रर्र बंद!

गॅरेज_सातारा
मग चार्जरच बदला, आणि त्याची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या. चार्जरच्या अगदी जवळ फेराइटचा क्लिप-ऑन मणी (वायरवरचा रेडिओचा गोंगाट अडवणारा) लावून वायरला दोन वेढे द्या.